चकचकीत बिल्ला

मेलेला माणूस खोटा असला तरी चालतो, पण त्याचा बिल्ला खरा असलाच पाहिजे, यावर सर्व सुधारलेल्या देशांचं एकमत आहे. लाटव्हियात, कुर्झेमेच्या रानात, हे एकमत एवाल्ड्स साहेब एकटे सांभाळत. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांच्या गळ्यातले, ओळखीचा आकडा कोरलेले जस्ताचे बिल्ले अस्सल की बनावट, हे भिंगातून ठरवायचं आणि दाखल्यावर शिक्का मारायचा. (शिक्का अस्सल आहे का, हे बघायची सोय नव्हती.) त्यांच्या हिशेबानं शंभरात एकशेतीन बिल्ले बनावट निघत; वरचे तीन अजून भट्टीत असत.

पंच्याऐंशी वर्षांच्या आउस्ट्राआजी त्यांच्याकडे आल्या. सफरचंदाचं झाड लावायला खड्डा खणला, तर हाडं लागली आणि गळ्याशी बिल्ला. आकडा त्यांच्या भावाचा. आर्विड्सला अठराव्या वर्षी धरून जर्मन गणवेशात कोंबलं होतं; मग पत्ताच नाही. रविवारी स्मशानाचा सण, गावानं आपापल्या कबरी सजवायचा. त्याला आईशेजारी पुरायचं, तर दाखला हवा.

साहेबांनी बिल्ला उचलला आणि डोळे बारीक केले.

"हे काय केलंत, आजी?"

"राखेनं घासला. इतकी वर्षं चिखलात होता बिचारा. सणाला असाच नेऊ? आपण कबरीवरची वाळूसुद्धा दाताळ्यानं विंचरतो."

"खरा बिल्ला चमकत नाही."

"तुझ्या बापाच्या कबरीवरचा दगड चमकतो की रे. तो पण खोटा का?"

साहेबांनी ऐकलं नाही. "शिवाय हा अख्खा आहे. माणूस मेला की खालचा अर्धा तोडून कचेरीत पाठवत. तुटला नाही, म्हणजे नोंदीप्रमाणे आर्विड्स जिवंत आहे."

"मग त्याची कवटी माझ्या पिठाच्या डब्यात काय करतेय?"

"तो कवटीचा प्रश्न झाला. माझं खातं बिल्ल्यांचं."

आजींनी लष्करी दवाखान्याची पिवळी चिठ्ठी काढली. आर्विड्सचं नाव, पुढे तोच आकडा. साहेबांना समाधान वाटलं. इतकं तंतोतंत फक्त बनावटवाल्यांचंच जुळतं.

त्याच सकाळी त्यांनी ड्झिंटार्स लोहाराचे सात बिल्ले अस्सल ठरवले होते. ड्झिंटार्स ते शौकिनांना विकण्याआधी डुकरांच्या उकिरड्यात तीन महिने मुरवतो. वासच सांगत होता.

रविवारी गावानं कबरी विंचरल्या, पाद्र्यानं मेलेल्यांची नावं वाचली. जिवंत माणसाला पुरता येत नाही, म्हणून आर्विड्स घरीच राहिला. आजीही गेल्या नाहीत.

आता तुम्हाला एवढंच विचारायचं असेल, की बिल्ला नक्की खरा होता ना? बघा. पोरगा डब्यात पडलाय, आणि भिंग तुमच्याही हातात आहे.