फरशी मळलेलीच ठेवा!

"कुणी धुतली ही फरशी? आधी मला नाव सांगा!"

लल्ला तामूचा आवाज साफीच्या बंदरापर्यंत गेला असावा. सार्डिन मासे डब्यात भरण्याच्या त्या कारखान्यातल्या साऱ्या बायका तिच्या हाताखाली होत्या आणि आत्ता त्या खाली माना घालून उभ्या होत्या. पायाखालची फरशी आरशासारखी चमकत होती, म्हणून तामूचं डोकं फिरलं होतं.

"सगळ्यांनी धुतली," कलतूम म्हणाली. तिचा हात गळ्यात बांधलेला होता. गेल्याच आठवड्यात ती माशांच्या तेलावरून घसरून पडली होती. "मी एका हाताने धुतली."

"वर तोंड करून सांगतेस? मळलेलीच ठेवा म्हणून काल घसा फोडून सांगितलं होतं ना!"

"अहो लल्ला, कासाब्लांकाहून माणूस येणार. त्याला काय खवल्यांतून चालवायचं? साफीच्या बायका घाणेरड्या म्हणेल तो!"

"तो काय कूसकूस खायला येतोय? फरशी साफ करायची यंत्रं दाखवायला येतोय! घाणच नाही, तर काय उचलून दाखवेल? माझं कपाळ?"

आणि झालंही तसंच. विक्रेता सी मुरादने दोन यंत्रं चालवून दाखवली. एक लाल, बसून हाकायचं. दुसरं करड्या रंगाचं, मागून ढकलायचं. धुतलेल्या फरशीवर दोन्ही सारखीच गुणी ठरली. मालक हाज बूशैब लाल यंत्रावर चढून एक फेरी मारून आले आणि लग्नातल्या नवरदेवासारखे हसत उतरले. "हेच घेऊ!"

तामूच्या अंगाचा तिळपापड झाला. "हाजसाहेब, हे तेल उचलतं की नुसतं फासतं, ते कुणी बघितलंय? उद्या आणखी एखादीचा हात मोडला तर तुम्ही त्या लाल घोड्यावरून तिला दवाखान्यात नेणार का?"

हाज वरमले. पण मुळातला हात आखडता. "बरं, पुन्हा एकदा बघू. यंत्राने माझ्यासमोर काही उचललं तर घेऊ. नाहीतर आहे तेच बरं आहे."

या वेळी तामूने कुणावरही विश्वास ठेवला नाही. बादल्या, खराटे, वायपर सगळं कोठीत कोंबून तिने कुलूप ठोकलं, किल्ली कमरेला खोचली आणि दारातच खुर्ची टाकून बसली. फरशीवर खवले, डोकी, तेलाचे ओघळ. बायका नाकाला डोक्यावरचा रुमाल लावून कुजबुजत होत्या.

"पाहुण्यासमोर अब्रू जाणार."

"जाऊ दे अब्रू! हात शाबूत राहतील!" तामू कडाडली.

फाटकाशी गाडी थांबली. मुराद उतरला आणि त्याने अदबीने मागचं दार उघडलं. आतून पांढऱ्याशुभ्र, पायघोळ जिलाब्यातली एक म्हातारी बाहेर आली.

"माझ्या सासूबाई," तो लांबूनच ओरडला. "इथल्याच आहेत, कुंभारांच्या टेकडीवरच्या. म्हणाल्या, लल्ला तामूचा कारखाना बघायचाय!"

कुंभारांची टेकडी! तामूची सासरची सगळी माणसं तिथेच राहत होती. तिने म्हातारीच्या पिवळ्या, नव्याकोऱ्या चपलांकडे पाहिलं. मग फरशीकडे पाहिलं.

"हाजसाहेबांबरोबर आधी चहा घ्या!" तिने ओरडून सांगितलं आणि कमरेची किल्ली काढत ती कोठीच्या कुलपाकडे धावली. "बघत काय बसलात? पाणी सोडा! कलतूम, ते डोकं उचल! हलवा हात, मेल्यांनो!"

चहा संपवून मंडळी आली, तेव्हा तामू घामाने निथळत दाराशी उभी होती. दोन्ही यंत्रं फिरली. हाजनी दोन्ही टाक्या उघडायला लावल्या आणि आत वाकून पाहिलं. आत होतं ते नितळ पाणी.

"यांनी तर काहीच उचललं नाही," ते म्हणाले. "मग यंत्र हवंय कशाला? सी मुराद, तुम्ही या आता. तामू, तुला नवे खराटे मागवतो. चांगले दणकट."

मुरादचा चेहरा पडला. कलतूमने बांधलेल्या हाताकडे पाहून सुस्कारा सोडला. तामू रागाने थरथरत होती, आणि हा राग काढायला तिला आज दुसरं कुणी उरलं नव्हतं.

तेवढ्यात म्हातारीने वाकून फरशीवरून बोट फिरवलं, ते उजेडात धरून पाहिलं आणि मान डोलावली. "काय ही स्वच्छता, पोरी! टेकडीवर घरोघर सांगेन मी."

तामूला म्हातारीला उचलून समुद्रात टाकावंसं वाटलं.

"खरंच?" तिने विचारलं. "माझ्या जावेच्या घरीसुद्धा?"