नौ आणि चारशे बारावं कार्ड

शिक्का मारण्यात आमच्या कोशकार्यालयात माझा हात कोणी धरू शकत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. सरळ, ठसठशीत, कोपऱ्यापासून बोटभर आत. माझ्या बाकीच्या कामाबद्दल लोक वेगवेगळं बोलतात. तिकडे आपण लक्ष देत नाही.

आमच्याकडे संस्कृत शब्दांचा कोश तयार होतो. एका शब्दाला एक खोका. खोक्यात कार्डं: मूळ कोणतं, लिंग कोणतं, रूपं कशी चालतात, कुठल्या पोथीत सापडतो. त्या आठवड्यात ‘नौ’ चालू होता. नौ म्हणजे होडी. स्त्रीलिंगी, नौः, नावौ, नावः. नुद् म्हणजे ढकलणे, त्यावरून आलाय असं जुने व्याकरणकार म्हणतात. ढकलली जाते ती नौ. आमच्या मुख्य संपादक, म्हणजे बाई, यांनी या एका शब्दावर दोन वर्षं काढली होती. शनिवारी त्या निवृत्त होणार होत्या. त्याआधी हा खोका आपल्या सहीने छापखान्यात जावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

सोमवारी कार्डांवर ओळीने नंबर मारायचा नवा शिक्का आला. नीट उमटतो का बघायला मी एक कोरं कार्ड घेतलं. पण कोऱ्या कार्डावर शिक्का अगदीच उघडाबोडका दिसतो! म्हणून वर हिरव्या शाईत लिहिलं, ‘नौ: जी ओलं होऊ देत नाही ती.’ खाली शिक्का. चारशे बारा. नवरदेवासारखा देखणा उमटला. मी समाधानाने चहाला गेलो. परत येतो तर बाईंनी आपल्या कार्डावर चारशे तेरा मारून दोन्ही कार्डं खोक्यात टाकलेली!

आता नियम असा, की नंबर पडलेलं कार्ड खोक्यातून काढता येत नाही. मधला आकडा गेला की पुरावा गहाळ केला असं धरतात. आक्षेप घेता येतो, पण तोही कार्डावरच. आणि वाद मिटेपर्यंत शब्द छापखान्याचं तोंड बघत नाही.

मंगळवारी आमच्या दोन उपसंपादकांपैकी मफलरवाल्या सरांनी माझं कार्ड वाचलं. मला वाटलं, हसतील आणि सोडून देतील. ते हसले नाहीत. त्यांना आठवलं, की उन्द् असा एक धातू आहे, अर्थ भिजवणे. न अधिक उन्द्! त्यांनी पाठिंब्याची तीन कार्डं लिहिली. बुधवारी चष्मेवाल्या सरांनी, तसं असतं तर शब्द ‘नो’ झाला असता, म्हणून पाच कार्डं लिहिली. गुरुवारी दोघांनी चहाच्या वेळा वेगळ्या करून घेतल्या. अकरा वर्षांची मैत्री, आणि मधे माझी होडी.

बाई टेबलाचा खण रिकामा करत होत्या. कात्री पिशवीत टाकायच्या, खोक्याकडे बघायच्या, कात्री परत बाहेर काढायच्या. ते मला बघवेना. शुक्रवारी त्यांच्यासमोर उभा राहून सगळं सांगून टाकलं.

“कार्डावर लिहून दे,” बाई म्हणाल्या.

लिहून दिलं: ‘चारशे बारा मी शिक्का तपासायला लिहिलं. मला संस्कृत येत नाही.’ मफलरवाल्या सरांनी खाली शेरा मारला, की लेखकाला स्वतःच्या शोधाची किंमत कळत नाही हे नेहमीचंच आहे; कबुली हा पुरावा होत नाही. कबुली पुरावा होत नाही, एवढं चष्मेवाल्या सरांनाही मान्य होतं. माझ्याविरुद्ध का होईना, दोघांनी त्या दिवशी चहा एकत्र घेतला.

शनिवारी दुपारी बाईंनी खोका पुढ्यात ओढला.

“काढता येत नाही ना? मग छापूया,” त्या म्हणाल्या. “एक मत म्हणून. मत छापून त्यावर निर्णय दिला की वाद मिटला, हाही नियमच आहे. तुला वाईट नाही ना वाटणार?”

मी म्हटलं, बाई, तुम्ही सही करा. त्यांनी सही केली. चार वाजता खोका छापखान्यात गेला आणि कात्री पिशवीतच राहिली.

छापील पान मी घरी नेलं. नुद् वगैरे दोन रकाने, आणि तळाशी बारीक अक्षरात: ‘ओलं होऊ देत नाही ती, असे कार्यालयातील एका मदतनिसाचे मत. अग्राह्य.’

आईने शेजारच्या काकूंना मुद्दाम बोलावून ते दाखवलं. काकूंनी विचारलं, मदतनीस कळलं, पण पुढे अग्राह्य म्हणजे काय?

आई म्हणाली, “हुद्दा असेल काहीतरी वरचा.”

मी म्हटलं, हो, नुकताच मिळालाय.