मीडियम नको, रेसिंगच द्या

ही गोष्ट कुणाजवळ बोलायची नाही, असं बाबांनी मला बजावलंय. म्हणून मी ती लिहितेय. (तशीही मी वर्गात बोलले तर माझा आवाज माझ्याच बाकापाशी संपतो, त्यामुळे बाबांनी उगीच काळजी केली.)

बाबांचं सगळं आयुष्य मीडियम. शर्ट मीडियम, कॉफी मध्यम गोड, विमा कंपनीतलं टेबल मधल्या रांगेतलं. मीडियम नव्हती ती एकच गोष्ट: त्यांची लाल गाडी. घेतली होती जुनीच, पण इंजिनाची ताकद त्यांनी इतकी वाढवून घेतली होती की ती सुरू झाली की समोरच्या घराच्या खिडक्या थडथडायच्या आणि बाबांची छाती दोन बोटं पुढे यायची.

तर या गाडीचा क्लच घसरायला लागला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन सिंहासारखं गरजायचं आणि गाडी गोगलगायीसारखी सरकायची. सायकलवाले शेजारून पुढे जाताना मागे वळून दयेने बघायचे.

बाबांनी आईला जेवणाच्या टेबलावर दोन प्लेट घेऊन क्लच समजावला. "ही प्लेट इंजिन. ही प्लेट चाकं. दोन्ही एकमेकींना घट्ट चिकटल्या की ताकद चाकांपर्यंत जाते. आपल्या झिजून गुळगुळीत झाल्यात."

"त्या आधी धुऊन ठेवा," आई म्हणाली. "आणि मंगळवारच्या आत नवा बसवा. माझं मॉडेल न्यायचंय."

आई इमारतींची मॉडेलं बनवते. पुठ्ठ्याच्या भिंती, स्पंजची झाडं, नखाएवढी माणसं. इतके दिवस ती दुसऱ्यांच्या हाताखाली करायची. हे पहिलंच मोठं काम तिच्या एकटीच्या नावावर मिळालं होतं: दोन विंग, बाग आणि मधोमध पोहण्याचा तलाव. बिल्डरबाईंना पसंत पडलं, तर पुढची सगळी कामं आईलाच. नाही तर पुन्हा हाताखाली.

"हलणार नाही ना गाडीत?" आईने विचारलं.

"अगं, पाण्याने भरलेला पेला ठेव आणि बस. थेंब सांडला तर नाव बदलीन."

गॅरेजवाल्या काकांनी पर्याय सांगितले. "साहेब, साधा घेतलात तर ही ताकद त्याला झेपणार नाही, दोन महिन्यांत जळेल. रेसिंगचा ही ताकद पेलेल, पण तो म्हणजे दिव्याचं बटण. चालू नाही तर बंद, अधलंमधलं काही नाही. पेडलही दगडासारखं. तुम्हाला मीडियम बरा."

हा शब्द त्यांनी वापरायला नको होता.

बाबांनी आपल्या मीडियम शर्टाकडे पाहिलं. मग मान ताठ करून म्हणाले, "मीडियम नको. रेसिंगच द्या."

"रोज सिग्नलला थांबावं लागतं ना?"

"पाय माझाय ना?"

"तुमचाच आहे," काका म्हणाले. "म्हणून तर विचारतोय."

मंगळवारी सकाळी गॅरेजवाल्यांनी गाडी दारात आणून लावली आणि मॉडेल मागच्या सीटवर ठेवलं. ते धरून मी बसले, पुढे आई. बाबांनी दोन्ही हातांनी गुडघा दाबावा तसा डावा पाय पेडलवर दाबला, सवयीप्रमाणे हळूहळू सोडला, आणि गाडीने बेडकासारखी उडी मारली. इंजिन बंद. मागे बागेतली सगळी झाडं आडवी.

"हे काय होतं?" आई म्हणाली.

"ताकद!" बाबा म्हणाले.

दुसऱ्या उडीला बी विंग ए विंगच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. तिसऱ्या उडीला तलावाकाठची माणसं थेट तलावात.

"बाबा, लोक पाण्यात पडले," मी म्हणाले. (माझ्या मानाने मोठ्यांदा.)

"पोहायलाच आलेत ना ते?" बाबा म्हणाले. आत्मविश्वास अजून शाबूत होता.

तो संपला पुलावर चढताना. चढावर सिग्नल, मागे गाड्यांची ही रांग. पेडल दाबून दाबून बाबांचा डावा पाय शिलाई मशीनसारखा थडथडायला लागला. हिरवा दिवा लागला, गाडीने गचका खाल्ला, बंद पडली. पुन्हा हिरवा, पुन्हा गचका. मागून हॉर्नचा बँड.

"आजच घोडं पेंड खातंय जरा," बाबा कपाळ पुसत म्हणाले.

"अहो, उतरा," आई म्हणाली.

"ढकलायला?"

"मागे बसायला."

आईने ही गाडी कधी चालवली नव्हती, कारण बाबांनी तिला कधी विचारलंच नव्हतं. आजोबांचा मालट्रक होता आणि आई त्यावरच गाडी चालवायला शिकली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण ती आजोळी सांगायची गोष्ट, असं बाबा समजत होते. आईने चप्पल काढून बाजूला ठेवली. पेडल एकदा पूर्ण दाबून पाहिलं. "अगदी माझ्या बाबांच्या ट्रकसारखं आहे," एवढंच म्हणाली, आणि गाडी चढावरून लोण्यातून सुरी जावी तशी निघाली.

मागे बाबा बी विंगला तापातल्या मुलासारखे छातीशी धरून बसले आणि मी झाडं चिकटवत सुटले. बिल्डिंगा उभ्या राहिल्या, माणसं वर काढली. एक माणूस मात्र तलावातच राहिला. पोचलो तेव्हा त्याच्यासाठी वेळच नव्हता.

बिल्डरबाईंनी चष्मा लावून मॉडेलभोवती फेरी मारली. तलावापाशी थांबल्या. आईने माझा हात घट्ट धरला.

"हा पोहणारा!" बाई म्हणाल्या. "इतकं बारीक काम मला आजवर कुणी करून दिलं नाही. पुढच्या तिन्ही इमारती तुम्हीच करा."

परतताना बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, "बघ, क्लच निवडला की नाही नंबर एक?"

"नंबर एकच," आई म्हणाली. "माझ्या पायाला अगदी बसतो."

आता बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की तो क्लच त्यांनी आईसाठीच निवडला होता. सिग्नल-बिग्नल, तो पाय, यातलं अवाक्षर नाही. मीही कुठे बोलले नाही. शिवाय गाडी कागदोपत्री अजून बाबांचीच आहे, फक्त स्टिअरिंगपुढे ते हल्ली—

"अगं ए, ये की लवकर! आईने गाडी सुरूसुद्धा केली, आणि हा अख्खा पुठ्ठ्याचा मॉल मागे मला एकट्याला धरवत नाहीये!"