ठेंगरेभाऊंच्या पोरी

"पोरी हो, घरी चला! गावभर कायले फिरून राह्यल्या?" असं ओरडत एक गृहस्थ दुपारी वॉर्डात शिरले, तेव्हा मी उमरखेडहून पांढरकवड्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून नुकतीच रुजू झाले होते. आम्हा नर्सांनाच म्हणताहेत असं वाटून मी चांगलीच फणकारले. पण त्यांनी माझ्यामागच्या खिडकीतली शुगर तपासायची मशीन उचलली, रुमालानं तिचं तोंड पुसलं आणि तिला स्टँडवर बसवलं. मशीन स्टँडवर बसली की तिच्यातले आकडे आपोआप डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर जातात. हे जातात की नाही ते बघणं, ही या ठेंगरेभाऊंची नोकरी.

नेट गेलं की ते राऊटरसमोर उभे राहून विचारायचे, "रुसला काहून बा?" पेशंटच्या हातावरचा पट्टा स्कॅन न करता कुणी शुगर तपासली, तर तो आकडा कोणाचा ते कॉम्प्युटरला कळत नाही. मग भाऊ खाटाखाटांवरून हिंडत. "बेवारस आकडा आहे सिस्टर! याचे मायबाप कोण?"

एकदा सीताबाई आत्राम नावाच्या म्हातारबाई भरती झाल्या. पायाची जखम चिघळलेली. शुगर कळल्याशिवाय डॉक्टरांना पुढचं काही ठरवता येईना, आणि बाई बोट देईनात. सुनेनं विनवलं, डॉक्टर समजावून गेले, मूठ काही सुटली नाही.

"रगत नाही देत मी. मशीनीत घालून कोठं धाडता, काय माहीत!"

हे ऐकून भाऊ पुढे झाले. "माय, धाडणारा मीच आहे. निस्ता आकडा डॉक्टरसाहेबापाशी जाते, बाकी कोठी नाही. हे पाह्य, पहिले माहं घेतात." बोट पुढे केलं आणि झटकन मागे घेतलं. "थांबा सिस्टर! माहा केसपेपर काढा पहिले."

केसपेपर निघाला, पट्टा बांधला, स्कॅन झाला. मी टोचलं. आकडा आला चारशेच्या घरात.

"मशीन बिघडली," भाऊ म्हणाले. दुसरी आणली. तीही तेच बोलली.

तेवढ्यात डॉक्टर धावत आले. त्यांच्या स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली होती. "गजानन ठेंगरे कोण पेशंट आहे?"

भाऊंनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

डॉक्टरांनी त्यांना शेजारच्याच खाटेवर बसवलं. "घरी खाण्यापिण्याचं कोण बघतं?"

"कोणी नाही साहेब. बायको गेली तवापासून धाब्यावर जेवतो. बाकी चहावरच." एरवी वॉर्ड दणाणून सोडणारा तो आवाज मला जेमतेम ऐकू आला.

सीताबाई सगळं बघत होत्या. त्यांनी सावकाश मूठ उघडली. "घे वो बाई, माहं बी."

दोघांचे उपचार बरोबरच सुरू झाले. दुसऱ्या दिवसापासून सुनेच्या डब्यात ज्वारीच्या भाकरी जास्त येऊ लागल्या. भाऊ म्हणायचे, "मले भूक नाही माय." सीताबाई खाटेवर सरकून जागा करायच्या. "बस. एकटीले घास जात नाही मले."

आता त्यांची जखम भरत आली आहे, भाऊंची शुगरही उतरते आहे. बाजाराच्या दिवशी सीताबाई ड्रेसिंगला येतात. काखेत डबा असतो. पायाचं काही सांगण्याआधी मला विचारतात, "माहा लेक जेवला का वो?"