उमरेड बसमधील प्रभावी नागरिक

प्रत्येक नागरिकाला सरकारी संदेश पोचवणे कंटाळवाणे असल्याने तो फक्त वजनदार माणसांना सांगावा, बाकीच्यांना ती सांगतीलच, असे नागपुरात ठरले. त्यासाठी 'प्रभावी नागरिक शोध कक्ष' स्थापन झाला. कोणाचा मोबाईल रोज किती नव्या मोबाईलजवळ जातो, हे यंत्र बघायचे; जितके जास्त, तितका माणूस वजनदार. माणसे हिंडतात, गोतावळे बदलतात, म्हणून क्रमवारीही रोज बदलायची. पहिला क्रमांक मात्र हलेना. तिथे उमरेडचे नत्थूजी ठाण मांडून होते, आणि आमदार त्यांच्या बरेच खाली होते.

कक्षाधिकारी श्रीधरराव शाल-श्रीफळ घेऊन उमरेडला गेले. हातमाग कधीचाच सोडलेले नत्थूजी ओसरीवर लसूण सोलत बसले होते.

"प्रभावी? मी? साहेब, गुडघ्यापायी मी तं अंगणाबाहेर नाही जाऊन राहिलो. मोबाईल नागपूरच्या बसमधी पडला ना माझा! तेवढा आणून द्या. आमच्या पोरीले, ऋतुजाले, पोराकडचे पाहून गेले, ते त्याच्यावरच फोन करतीन. उचलला नाही तं कोराडीची पोरगी पसंत करतीन ते."

श्रीधररावांच्या लक्षात घोळ आला. फाटक्या सीटच्या फटीत अडकलेला तो फोन दिवसभर उमरेड-नागपूर फेऱ्या मारत होता, आणि अहवाल तर मुंबईला गेला होता. फोन घरी आला की क्रमांक घसरणार आणि कक्षाला कुलूप लागणार.

"फोन हलवता येणार नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "तो आता सार्वजनिक हिताचा आहे."

"मंग त्याच नंबरचं दुसरं सिम द्या."

"प्रभावी नागरिकाचा नंबर त्या फोनपुरता गोठवण्यात येतो."

"अन् मंग मी कोन?"

श्रीधररावांनी यंत्रात पाहिले. "आपण आढळून येत नाही."

शाल परत गेली आणि बसमधल्या त्या सीटला पांघरण्यात आली. फोनसाठी सीट राखीव झाली, चार्जर बसला. दोन दिवसांनी उमरेड सुटल्यावर फोन वाजला. शेजारी कुहीच्या पार्वतीबाई होत्या. वाजणारा फोन न उचलणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

"नत्थूजी हायेत का?"

"डोळा लागला त्याइचा. मले सांगा जी."

"पोरगी पसंत हाये. पण पोराले मोटरसायकल पायजे."

"काहून? पोराले चालता नाही येत का?"

सगळी बस खिदळली. तिकडचा माणूस ओशाळला आणि मोटरसायकल तिथेच रद्द झाली. लग्नाच्या तारखेवर प्रवाशांनी हात वर करून मतदान केले. ड्रायव्हरची ड्युटी असल्याने मंगळवार बाद झाला.

नत्थूजींना ही बातमी भाजीवाल्याने दिली. ऋतुजाच्या मनात तोच मुलगा होता, ती आईच्या गळ्यात पडली. नत्थूजींचे डोळे भरून आले. आपल्या पोरीचे जमले, कोणी जमवले ते मरो, असे त्यांना अगदी मनापासून वाटले.

लग्नपत्रिका बसमधल्या त्या फोनवरूनच सुटली. प्रवाशांनी ती पुढे पाठवली, पुढच्यांनी आणखी पुढे. लग्नात वडाभात तीनदा रांधावा लागला. गर्दी आवरायला श्रीधररावांनी मंडपाच्या दारात माणसे उभी केली. मोबाईलवर पत्रिका दाखवेल त्यालाच आत प्रवेश होता. नत्थूजींकडे मोबाईलच नव्हता. पूजेची सुपारी आणायला ते काठी टेकत घटकाभर बाहेर पडले, ते बाहेरच राहिले. आत कन्यादानासाठी भटजी मुलीच्या वडिलांना हाका मारत होते.

तुम्हीही होतात की तिथे! कोणाची पत्रिका हे न वाचता ती चार ग्रुपांवर तुम्हीच तर पाठवली होती. आत शिरताना एका फेटेवाल्या म्हाताऱ्याने तुमची बाही धरली.

"मले आत घेऊन चला ना जी. तुमी कोनाकडले?"

तुम्ही बाही सोडवून घेतलीत. "आम्ही? नत्थूजींचे अगदी जवळचे," म्हणालात आणि पंगतीत जाऊन बसलात.