मास्तरांचा भरपाईचा अर्ज

"बोलायचं काम माझ्यावर सोड! सरकार पैसे कसं देत नाही तेच बघतो!"

टेलरमास्तर बायकोला घेऊन कचेरीत शिरले ते असे, की गळ्यात प्लास्टरमधला हात नव्हे, पदक लटकतंय!

मागच्या महिन्यात भरदुपारी दुकानात चोर शिरला आणि मास्तरांचं उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांच्या हुकमानं दोन महिने मशीन बंद राहणार होती. गुन्ह्यात जखमी झालेल्यांना सरकार भरपाई देतं, हे बायकोनंच शोधून काढलं होतं.

"काय घडलं?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

मागे ही रांग! सगळ्यांचे कान टवकारलेले! मास्तरांना चेव आला.

"चोर सहा फुटी! मानगूट धरली, गरगर फिरवला आणि दिला भिरकावून!"

"अहो…" बायको कुजबुजली.

"थांब गं! मग असा ठोसा हाणला, की चार दात बाहेर!"

"आणि तुमचा हात?"

"त्याच्याच जबड्यावर मोडला!"

रांगेत टाळ्या पडल्या. बाईंनी मात्र पेन खाली ठेवलं. "भरपाई मार खाणाऱ्याला मिळते, मास्तर. तुमच्या हिशेबानं अर्ज चोरानं करायला हवा!"

मास्तरांचा चेहरा उसवलेल्या खिशासारखा लोंबला. बायकोनं त्यांना बाजूला सारलं.

"बाई, यांनी कधी माशी मारलेली नाही! चोर गिऱ्हाइकांच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन पळत होता. यांनी ते पकडलं. त्यानं ढकललं, आपटलं, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत फरफटत नेलं. मनगट मोडलं, पण यांनी गाठोडं सोडलं नाही! शेवटी तोच वैतागून पळाला. कुणाचं एक बटणसुद्धा गेलं नाही!"

बाईंनी पोलिसांचा कागद उघडला. शब्द न् शब्द तोच.

"मग हे का नाही सांगितलंत?"

"त्यात काय सांगायचं?" मास्तर पुटपुटले. "लोकांचे कपडे होते."

या वेळी रांगेनं कचेरी दणाणून सोडली. बायकोची मान अशी ताठ, जणू कॉलरसारखी आत कडक कॅनव्हास घालून शिवलीय!

भरपाई मंजूर झाली. शिक्क्याचं पत्र येताच मास्तरांनी न वाचताच त्याला चौकट केली, भिंतीवर लावलं आणि आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाला फर्मावलं, "वाचा मोठ्यानं!"

"सदर वयोवृद्ध व असहाय पीडितास…"

मास्तर खुर्चीवर चढून पत्र उतरवू लागले.

"असहाय ठीक आहे हो! पण बावन्नाव्या वर्षी वयोवृद्ध?"