दोन फ्लॅटांचा मुक्त व्यापार

प्राध्यापक अभय वाघमारे निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी पत्नी मैत्रीबाईंनी स्वयंपाकघर त्यांच्या हवाली केलं. "मी अजून बँकेत राबतेय, तुम्ही घरी बसलात. भाजी आता तुमच्याकडे." सर आयुष्यभर दोन देशांमधले मुक्त व्यापार करार शिकवत आले होते. दुधी मात्र त्यांनी तोवर फक्त ताटात पाहिला होता.

तरी उपासमार झाली नाही. येरवड्यातल्या त्या सोसायटीत समोरच्या कौशल्यावहिनींकडून डबा यायचा, तळमजल्यावरच्या वेणूबाईंकडूनही यायचा. अडचण एकच. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नसतो, आणि भरून पाठवावं असं सरांच्या हातून काही उतरत नव्हतं.

एक दिवस सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, हे तर आयात शुल्क! ते काढलं की झालं! सर तडक समोरच्या दारात. "वहिनी, आपल्या दोन घरांचा करार. डबा रिकामा परत आला तरी कुणी रागवायचं नाही."

"चालते न जी, सर," अमरावतीच्या वहिनी हसल्या.

मग आयात अशी वाढली की विचारू नका. आज भरली वांगी, उद्या मसालेदार रस्सा. देशी उत्पादन, म्हणजे सरांचा दुधी, पार बंद पडलं. वेणूबाईंचा डबा मात्र जुन्याच अटीवर, भरून परत. मग तो घ्यायचा कशाला? "नको हो, भाजी झालीय आमची," म्हणत सर त्यांना दारातूनच वाटेला लावू लागले. करारामुळे व्यापाराची दिशा बदलते ती अशी. सवलत देणारा जवळचा होतो आणि चांगला माल देणारं जुनं माणूस तोंड पाडून परत जातं. सरांनी यावर भलामोठा लेख लिहिला होता. स्वतःच्या दारात तो त्यांना ओळखू आला नाही, एवढंच.

"अहो, हात बसला की तुमचा!" मैत्रीबाई बोटं चाटत म्हणाल्या. सरांनी आणखी एक वांगं त्यांच्या ताटात वाढलं. कौतुकापुढे भलेभले पाघळतात.

"रविवारी बँकेतल्या मैत्रिणींना जेवायला बोलावलंय. सगळ्यांना सांगून ठेवलंय, भाजी आमचे हेच करतात!"

सबंध संसारात बायकोनं चारचौघांत केलेलं हे पहिलंच कौतुक, आणि आता तेच उघडं पडणार! ते धावत समोर गेले. "वहिनी, रविवारी वांगी जरा जास्त..."

वहिनींचा चेहरा उतरला. "खरं सांगू काय सर? मले कुठं येते हे सारं! दिवसभर लॅपटॉपसमोर असते मी. वांगी वेणूबाई देतात. तुम्ही त्यांचा डबा घेणं बंद केलं, तेव्हापासून तुमचाही वाटा माझ्याकडेच येते. तोच मी तुम्हाला देते. त्यांचा डबा भरून द्याले फरसाण आणून आणून जीव गेला जी माझा!"

तिसऱ्या देशाचा माल दुसऱ्याच्या दारातून! माल मुळात कुठं बनला हे तपासायची अट प्रत्येक करारात असते. ती घालायला नेमका हा तज्ज्ञ विसरला होता.

सर तळमजल्यावर उतरले. वेणूबाईंनी दार अर्धंच उघडलं. "या. रस्ता चुकलात?"

सरांनी सगळं सांगून टाकलं, चक्क हात जोडले. वेणूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "रविवारी मी रांधणार नाही. मैत्रीनं मलाही जेवायला बोलावलंय. पाहुण्यानंच भाजी करायची का?"

दार बंद झालं.

रविवारी सरांनी स्वतः वांगी भरली. ती बाहेरून करपली, आतून कच्ची राहिली. पाहुण्यांनी "वेगळीच चव आहे हो" म्हणत पोळी चटणीशी संपवली. वेणूबाई एकेक घास पाण्याबरोबर उतरवत होत्या.

मैत्रीबाईंनी सरांना स्वयंपाकघरात ओढलं. "आजची वांगी तुम्हीच केलीत, याची माझी खात्री पटली. आता एवढंच सांगा, कालपर्यंतची कोण करत होतं?"

सरांनी करपलेली कढई घासायला घेतली.

"मी," बाहेरून वेणूबाईंचा आवाज आला. "आणि सर, उद्यापासून डबा थेट तुमच्याकडे पाठवते. तेवढा रिकामा परत करा म्हणजे झालं. कृपा करून भरून पाठवू नका."